नानांचा कॅलिफोर्निया

आमच्या निफाड तालुक्याला महाराष्ट्राचा कॅलिफोर्निया म्हणतात. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपासून साखरपुड्यापर्यंत कुठल्याही भाषणात हे वाक्य येतं, आणि आलं की टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी खरा कॅलिफोर्निया बघितलेले फक्त चेअरमनचे व्याही. मुलगा तिकडे असतो म्हणून तीन महिने राहून आले. "तिकडंही द्राक्षं, तिकडंही पाण्यावरून भांडणं," एवढंच त्यांनी सांगितलं, "फक्त शेतात माणूस दिसत नाही."

त्यांच्या सांगण्यात गॅरेज राहून गेलं. ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोघा मित्रांनी १९३९ साली पालो अल्टो गावातल्या एका गॅरेजात कंपनी काढली आणि ते गॅरेज आता स्मारक म्हणून जपून ठेवलंय. आमच्याकडे गॅरेज म्हणजे पिंपळगावच्या रस्त्याला पंक्चर काढायची जागा. त्यामुळे आमचे शेजारी नाना यांना आपले सगळे शोध गोठ्यात लावावे लागले. गाई विकून झाल्या, बैल ट्रॅक्टरने घालवले, आणि रिकाम्या गव्हाणीत नट-बोल्ट आले. दावणीला आता एक जुना कॉम्प्रेसर बांधलेला असतो. बांधलेला का, तर चालू केला की तो पुढे सरकतो.

नानांचा आणि माझा बांध एकच. वय ६८, शिक्षण जुनी अकरावी. तीन एकर द्राक्ष, दोन एकर कांदा आणि अर्धा एकर भंगार. हा अर्धा एकर सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून लागलाय. इतकी अचूक नोंद महसूल खात्याने दुसरी केली नसेल. अंगात बंडी, डोक्याला टोपी आणि खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. लग्नात आहेर लिहिणाऱ्याने पेन मागितला तरी हात टेस्टरवर जातो. मी निफाडला कॉलेजात मराठी शिकवतो आणि वाटणीला आलेली एकरभर बाग जमेल तशी राखतो, म्हणून नाना मला 'सर' म्हणतात. त्या 'सर'मध्ये आदर किती आणि कीव किती, हे मी अजून ठरवलेलं नाही. यंत्राविषयी काही विचारलं की उत्तर ठरलेलं: "जाऊ द्या ना सर, तुम्ही मराठीचे."

कंपनीने केलेली कुठलीही वस्तू अर्धवट असते आणि ती पूर्ण करायची जबाबदारी आपली, असा नानांचा पक्का समज आहे. नवा ट्रॅक्टर आणला, काकूंनी हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, आणि पाहुण्यांच्या तोंडात पेढा असतानाच नानांनी सायलेन्सर उतरवला होता. वॉरंटी कार्डाची त्यांनी गाळणी केली. वॉरंटी कार्ड जाड असतं, पंपाच्या फुटव्हॉल्व्हला वायसर म्हणूनही बरं बसतं.

कच्च्या मालासाठी पूर्वी नाशिक होतं. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ च्या जानेवारीत जेसीबी लावून उठवला. नाशिककरांना हायसं वाटलं. नाना त्या दिवशी जेवले नाहीत. "लायब्ररी पाडली हो सर," म्हणाले. मी मराठीचा असल्यामुळे मला गलबलून आलं.

आता यंत्रांकडे वळतो. सगळी सांगत बसलो तर छाटणीचा हंगाम निघून जाईल. पण मोबाईल स्टार्टर सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

शेतीपंपाची वीज आमच्याकडे आठवड्याचे काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्री थ्री फेज आली की उठायचं, बॅटरी घ्यायची आणि विहिरीवर जाऊन बटण दाबायचं. वाटेत ऊस आणि उसात बिबट्या. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या पट्ट्यात बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही. त्याचं रेशनकार्ड तेवढं निघायचं बाकी आहे. घरबसल्या पंप चालू करणारे स्टार्टर बाजारात मिळतात. पण नानांनी असली वस्तू विकत आणणं म्हणजे सुताराने शेजारून खाट उसनी आणणं.

त्यांनी बटणांचा जुना नोकिया घेतला. तो उघडला. फोन थरथरवणारी शेंगदाण्याएवढी मोटर आत असते, ती चिमट्याने काढली. तिच्या दोन तारा मध्ये एक कपॅसिटर टाकून रिलेला जोडल्या आणि रिलेची तार विहिरीवरच्या स्टार्टरला. फोन व्हायब्रेटवर ठेवून खोक्यात बंद. आता त्या नंबरला रिंग दिली की थरथरीसाठी निघालेला करंट रिलेत जातो, रिले 'टिक्' करतो आणि साडेसात एचपीची मोटर घुमायला लागते. पहिल्या रिंगला चालू, दुसऱ्या रिंगला बंद. मी स्वतः अंथरुणात बसून त्या नंबरवर मिस कॉल दिलाय आणि अंधारात लांबवर हौदात पाणी पडल्याचं ऐकलंय. त्या रात्री मला नानांविषयी जे वाटलं ते मला कुठल्याही कवीविषयी वाटलेलं नाही.

घोटाळा पुढे झाला. बँकेत कसलासा फॉर्म भरताना 'पर्यायी मोबाईल क्रमांक' असा रकाना आला. रकाना रिकामा सोडणं नानांच्या जिवावर आलं. त्यांनी मोटरीचा नंबर लिहिला. पंधरा दिवसांत त्या नंबरला कर्ज देऊ इच्छिणाऱ्या बायांचे फोन सुरू झाले. फोन सम संख्येत आले तर ठीक, मोटर होती तिथे. विषम आले की चालू. कर्ज वाटणाऱ्यांना सम-विषमाचं काय! एका दुपारी आम्ही सगळे पिंपळगावला लग्नात, इकडे कोणीतरी अगत्याने कर्ज विचारत राहिलं आणि संध्याकाळी परत येईतो विहिरीने तळ गाठलेला, बाजूच्या गव्हात गुडघाभर चिखल. गहू माझा होता.

नाना विहिरीत वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सर, आजपर्यंत मला सगळ्या बँकांनी पाणी पाजलं. पाणी उपसून देणारी ही पहिलीच."

थंडीची गोष्ट वेगळी. डिसेंबर-जानेवारीत राज्यात गारठा किती आहे हे बघायला पेपरवाले निफाडकडे बघतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाचाच्या खाली उतरला की बातमी होते. पुण्या-मुंबईची मंडळी ती वाचून स्वेटर काढतात. आमच्याकडे त्याच पहाटे पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जात असतात. यावरचे उपाय जुनेच आहेत: विहिरीचं कोमट पाणी भल्या पहाटे ठिबकने सोडायचं, आणि बांधाबांधावर काडीकचरा पेटवून बागेवर धूर धरायचा. आता धूर धरायचा म्हणतात खरं, पण धूर कोणाच्या धरण्यात नसतो. पेटवणारा खोकतो आणि ऊब तिसऱ्याच्याच बागेला. नानांना हे खटकलं.

मग धूरगाडी झाली. बंद पडलेल्या एका टूरिंग टॉकीजचा भलामोठा पंखा, डांबराची दोन पिंपं, पत्र्याचं धुराडं, आणि हे सगळं ट्रॅक्टरच्या मागे पीटीओवर. पिंपात ओलं पाचट, भुसा आणि गोवऱ्या. पहाटे चारला उद्घाटन. निम्मं गाव कानटोप्या घालून हजर. नानांनी पीटीओ टाकला, पंखा फिरला, आणि काय सांगू, धुराड्यातून जाड, पांढरा, आज्ञाधारक धूर बाहेर पडला आणि जमिनीसरशी वेलींच्या खालून पसरत गेला. दहा मिनिटांत नानांची बाग दिसेनाशी झाली. कोणीतरी शिट्टी वाजवली. काकूंनी सुद्धा "बरं जमलं म्हणायचं" असं म्हटलं. त्यांच्याकडून हे म्हणजे पद्मश्रीच.

बागेला सीमा असते हे धुराला कोणी सांगितलेलं नव्हतं. तो माझ्या बागेतून ओढ्याला लागला आणि ओढ्याने गावात शिरला. देवळात सप्ताह बसलेला, काकडा चालू. टाळकऱ्यांनी ठेका सोडला नाही, हे त्यांच्या श्रद्धेचं बळ. पण थोड्या वेळाने खोकलाही ठेक्यात येऊ लागला. विणेकरी विणा खाली ठेवू शकत नाही, म्हणून तो डोळे मिटून उभा राहिला. पुढे धूर हमरस्त्यावर गेला आणि कोणा वाहनवाल्याने आग लागल्याचा फोन केला. उजाडायच्या आत बंब दारात.

आता नानांना काहीतरी ऐकावं लागणार म्हणून आम्ही जरा पुढे सरकलो. बंबावरचे जवान उतरले, त्यांनी धूरगाडीला एक फेरी मारली, पंख्याच्या पात्यांना हात लावून बघितला आणि विचारलं, "बेरिंग कुठलं टाकलं?" पुढचा अर्धा तास बेरिंगवर. निघताना त्यांनी सांगितलं की बंबाचा पंप गळतो. नानांनी तोही बसवून दिला. त्या वर्षी नानांच्या बागेत तडकलेले मणी कमी निघाले. माझ्याही निघाले. ही गोष्ट मी नानांना सांगितलेली नाही. पुढच्या हिवाळ्यात धुराचं बिल आलं असतं.

सगळीच यंत्रं अशी धडधाकट निघाली नाहीत. कांदा लागवडीचं यंत्र घ्या. मजूर मिळत नाहीत ही आमच्या भागाची रोजची आरोळी. पेठ, सुरगाण्याकडच्या आदिवासी मजुरांच्या टोळ्या येतात म्हणून आमच्या बागा उभ्या आहेत, आणि टोळी कोणाकडे आधी जाणार यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. नानांनी सायकलची चाकं, पत्र्याचे चिमटे आणि काकूंच्या शिलाई मशीनचा पट्टा वापरून रोपं लावणारं यंत्र केलं. ते रोपं लावायचं, नाही असं नाही. निम्मी सरळ लावायचं, निम्मी शीर्षासनात. टोळीच्या मुकादमीण बाई कमरेवर हात ठेवून वाफ्याच्या टोकापर्यंत बघत गेल्या आणि म्हणाल्या, "नाना, हे मशीन चालवा तुम्ही. उलटी झालेली सरळ करायला माणशी जास्तीचे शंभर घेऊ." यंत्र त्याच दिवशी पोटखराब्यात गेलं. काकूंचा पट्टाही तिकडेच आहे.

काकूंवरून आठवलं. नानांना दादासाहेब फाळक्यांचा मोठा अभिमान. त्र्यंबकेश्वरचा माणूस, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा. सिनेमाला भांडवल उभं राहावं म्हणून फाळक्यांनी कुंडीतला वाटाणा अंकुरताना रोज थोडा थोडा टिपला आणि रोपाची वाढ पडद्यावर करून दाखवली; हा किस्सा नाना महिन्यातून एकदा सांगतात. एकदा सांगता सांगता म्हणाले, "सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, तेव्हा १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' झाला." आतून काकूंचा आवाज आला, "मी मिक्सर दिलाय. चार वर्षं झाली, अजून काही झालं नाही."

मिक्सरची मोटर कुठे गेली ते सांगतो. ती गेली पाखरांच्या यंत्रात. द्राक्षात साखर भरली की बुलबुल, साळुंक्या, पोपट येतात. आमच्यापासून जवळच नांदूरमध्यमेश्वर. १९०७ ते १९१३ च्या दरम्यान इंग्रजांनी गोदावरीवर तिथे बंधारा बांधला, मागे पाणी साठलं, पाणथळ झालं, आणि २०२० साली ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. हिवाळ्यात मुंबईहून लोक हातभर लांबीचे कॅमेरे घेऊन पक्षी बघायला येतात. त्याच रस्त्याला नाना पक्षी हाकलायला बसलेले. एकदा एका पक्षीमित्राने त्यांना विचारलं, "इथे काय काय दिसतं?" नाना म्हणाले, "नुकसान."

तर यंत्र असं की मिक्सरच्या मोटरीने एक दांडा फिरतो, दांड्याला चकाकत्या पट्ट्या आणि जुन्या सीड्या, आणि वर भोंगा. भोंग्यातून आधी ससाण्याचा आवाज लावला. पाखरांनी दोन दिवस मान दिला. मग नानांनी काकू सुनेला हाका मारत असताना गुपचूप रेकॉर्डिंग केलं आणि ते लावलं. परिणाम विलक्षण. पाखरं उडालीच, सून दोनदा बागेत धावत आली आणि वसुलीला आलेला एक माणूस फाटकातून परत गेला. आठवडाभराने साळुंक्या भोंग्यावर बसून द्राक्षं खायला लागल्या. काकूंचं मत: "मशीनला कधी गप्प बसायचं ते कळत नाही. म्हणून त्याला कोणी भीत नाही."

करोनात नानांना शेवटची मोठी संधी आली होती. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी द्राक्षावर औषध मारायचा ब्लोअर ट्रॅक्टरला लावला, टाकीत हायपोक्लोराइट भरलं आणि गाव निर्जंतुक केलं. गावात त्या दिवशी धुणी वाळत होती. आमच्याकडे त्या वर्षी सगळ्या रंगीत साड्यांवर एकाच नमुन्याचे पांढरे ठिपके होते. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं गावाने एकत्र कापड घेतलं. मे अखेरीस पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाशिक जिल्ह्यातल्याच सटाण्याकडच्या राजेंद्र जाधव या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवरच्या निर्जंतुकीकरण यंत्राचं कौतुक केलं. नानांनी रेडिओ बंद केला. जाधवांचं यंत्र खरोखर चांगलं होतं, आणि नानांना ते मान्यही आहे. त्यांचं दुःख निराळं: "त्यांनी धुणी काढायला सांगितली असणार."

दुसऱ्याच्या शोधाचा हेवा त्यांना वाटतो तो फक्त वाणांच्या बाबतीत. आपल्याकडच्या द्राक्षाचे कित्येक नावाजलेले वाण प्रयोगशाळेत नाही, बागेत सापडले. तासगावकडच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन वाणाच्या बागेत वेगळा वेल हेरला, त्याचा 'तास-ए-गणेश' झाला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी 'सोनाका' आणला. सोलापूर, नान्नज, काळे. शेतकऱ्याने फक्त नीट बघितलं, बाकी वेलाने केलं. तेव्हापासून आमचे नाना रोज संध्याकाळी बागेत बघत फिरतात. तिसऱ्या ओळीतल्या एका वेलाला त्यांनी लाल सुतळी बांधलीय. त्या वेलाचे मणी इतरांपेक्षा लांब आहेत हे खरं. पण वेलाच्या बुडाशी गोबरगॅसची मळी सांडते हेही खरं. नानांनी वाणाचं नाव ठरवून ठेवलंय, ते सांगत नाहीत. काकूंना ठाऊक असावं, कारण वेलाचा विषय निघाला की त्या भांडी मोठ्याने घासतात.

त्यांची कुठेतरी नोंद व्हावी म्हणून मी एकदा खटपट केली. गांधीनगरला राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान आहे, २००० साली स्थापन झालेलं. शिक्का-पदवी नसलेल्या गावाकडच्या संशोधकांची ते दखल घेतं. मी कागद घेऊन गोठ्यात बसलो. 'नवीनता काय?' नाना म्हणाले, "हे आधी कोणी केलेलं नाही." का केलं नसावं? "गरज नसेल पडली." पुढे यंत्राचा फोटो हवा होता. तिथे सगळं अडलं. नानांचं कुठलंही यंत्र फोटो काढण्याएवढा वेळ एका रूपात राहत नाही. सोमवारी मी कॅमेरा घेऊन गेलो तर धूरगाडीचा पंखा कांदाचाळीत गेलेला. गुरुवारी पिंपाचा पाणी तापवायचा बंब झालेला. अर्ज अजून माझ्या कपाटात आहे, त्यात फोटोची चौकट कोरी.

गाव मात्र बदलत चाललंय. नानांच्या सूनबाई बीएस्सी ॲग्री. त्यांनी बागेत हवामान केंद्र बसवलं. पांढरा खांब, वर फिरती वाटी, खाली सौरपट्टी. भुरी येणार की डाऊनी, फवारणी आज की परवा, हे फोन सांगतो. नाना त्या खांबापाशी उभं राहून मुंग्यांची रांग बघतात आणि आपला अंदाज सांगतात. दोघांचे अंदाज सूनबाई वहीत लिहून ठेवतात. सध्या फोन पुढे आहे, पण फार नाही. एकदाच नानांनी त्या खांबाचं झाकण उघडलं होतं. सूनबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "नाना, यात माझा पगार आहे." नानांनी झाकण लावलं. पाना बाजूला ठेवताना त्यांना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाने १९९९ च्या सुमाराला वाइनचं रोप लावलं आणि जिल्हाभर पर्यटक उगवले. आमच्या पलीकडच्या मळ्यातही आता मुक्कामाची सोय आहे. तिथली एक मुंबईची जोडी सकाळी फिरत फिरत पोटखराब्यात आली, गंजलेल्या चक्रांकडे बराच वेळ बघत उभी राहिली आणि बाईंनी विचारलं, "आर्टिस्ट कोण आहेत?" नानांना प्रश्न कळला नाही, पण सूर कळला. दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी: 'प्रदर्शन. माहितीसह ५० रुपये. चहा वेगळा.' भंगारावर नानांना मिळालेला हा पहिला रोख पैसा. चहाचे पैसे काकू घेतात आणि हिशेब स्वतंत्र ठेवतात.

आता त्यांच्या ज्या यंत्रात खोट काढायला जागा नाही ते सांगतो, म्हणजे कांदाचाळ. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा घटतो, सडतो, कोंब धरतो. यावर मोठमोठ्यांनी डोकं लावलंय. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प आहे, तिथे गॅमा किरण देऊन कोंब थांबवतात. लासलगावच्याच कल्याणी शिंदे यांनी सडू लागलेल्या कांद्याचा वायू ओळखणारं उपकरण केलं. नानांनी त्या टूरिंग टॉकीजच्या पंख्याचं तोंड चाळीच्या तळाशी बसवलं, जमिनीतून भोकांचे पाइप फिरवले आणि रात्रीची गार हवा खालून वर सोडली. खालचा कांदा कोरडा राहिला. आसपासच्या पाच-सहा चाळींत आता तसेच पाइप आहेत. ते नानांचं डोकं आहे हे कोणी म्हणत नाही. नानाही म्हणत नाहीत. एका चाळीत पाइप चुकीच्या उताराने घातलेत, तेवढं मात्र ते रस्त्याने जाता-येता मोठ्याने म्हणतात.

२०२३ च्या उन्हाळ्यातला कांदा त्यांनी असा राखला की ऑगस्टातही पोत्यात हात घातला तर खुळखुळ वाजावा. भाव चढायला लागला होता. १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं. बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, मोर्चे निघाले. नानांचा कांदा तसाच खणखणीत, फक्त भाव सडला. नोव्हेंबर संपता संपता, २६ तारखेला, गारपिटीने बाग झोडपली, आणि ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातच बंद झाली ती पुढच्या मे महिन्यापर्यंत.

नानांनी त्याआधी भावाचं यंत्रही उघडून बघायचा प्रयत्न केलेला. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने कांद्याचा वीस-बावीस वर्षांचा आलेख आहे: कधी चढला, कधी उतरला, पाऊस किती, निवडणूक कधी. त्यांच्या मते या यंत्राला सगळे भाग आहेत, पण स्क्रू बाहेरून दिसत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे हातात पडलेले १०६४ रुपये थेट पंतप्रधानांना मनिऑर्डर केले, देशभर गाजलं. नानांनी ती तारीखही भिंतीवर लिहिलीय आणि खाली शेरा मारलाय: 'एवढ्या कमी खर्चात एवढा आवाज करणारं मशीन आपल्याच्याने झालं नाही.'

इतकं होऊन नाना गप्प बसलेले नाहीत. सध्या कांद्याची प्रतवारी करणारं यंत्र चालू आहे. गोल्टी एकीकडे, मोठा कांदा दुसरीकडे. त्यासाठी कुठल्याही कंपनीच्या जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रम आणि एक एचपीची सिंगल फेज मोटर हवीय. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर पडलं असेल तर निफाडच्या बाजूला येताना गाडीत टाकून आणा. नाना रोख पैसे देतात. फक्त दुपारी एक ते तीनच्या दरम्यान या; त्या वेळी काकू झोपलेल्या असतात.